दावा दुसऱ्या कोर्टात वर्ग करून मागताना

गडग्याच्या (हद्दीवरच्या दगडी कुंपणाच्या) किंवा कलमांच्या बागेच्या दाव्यात समोर भाऊबंदच असतात, आणि तालुक्याच्या गावी कोण कुणाच्या जवळचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. न्यायासनावरचा माणूस कुणाच्या उपकारात नाही, कुणाला भीत नाही, एवढा भरवसा पक्षकाराला हवाच. तो सकारण डळमळला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली दावा वर्ग करून मागता येतो.

आधी रोजनाम्याची, म्हणजे कोर्टात तारखेवार झालेल्या कामाच्या नोंदीची, सही-शिक्क्याची नक्कल काढा. ‘साहेब त्यांच्या बाजूचे आहेत’ एवढ्यावर अर्ज टिकत नाही. न्यायाधीशांनी वकिली करताना याच वादात समोरच्याचं वकीलपत्र घेतलं होतं, जवळचं नातं आहे, पुरावा संपण्याआधीच निकाल बोलून दाखवला, अशी कारणं तारखेनिशी मांडा आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडा. मनाई हुकूम नाकारला हे मात्र कारण नव्हे. त्यावर अपील असतं. बहुतेक अर्ज फसतात ते इथेच, कारण हरल्याचा राग आणि पक्षपाताची वाजवी भीती यांची गल्लत होते.

दापोलीचा दावा असेल तर अर्ज रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात, मालवणचा असेल तर ओरोसला. तक्रार जिल्हा न्यायालयाबद्दलच असेल तर उच्च न्यायालयात जावं लागतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी ते कोल्हापूरचं सर्किट बेंच (मुंबई उच्च न्यायालयाचं तिथे बसणारं खंडपीठ), रायगडकरांना मुंबईच. फौजदारी खटल्यात जिल्ह्यातलंच दुसरं कोर्ट हवं असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४४८ खाली आधी सत्र न्यायाधीशांकडे जायचं. त्यांनी फेटाळल्यावरच कलम ४४७ खाली उच्च न्यायालय.

अर्ज दाखल झाला म्हणून मूळ कामकाज थांबत नाही. स्थगिती वेगळी मागा, नाहीतर इकडे अर्जाची तारीख पडेपर्यंत तिकडे साक्षी उरकलेल्या असतात.

या काळात न्यायाधीशांना चेंबरमध्ये एकट्याने भेटू नका, पुढाऱ्याकडून फोन तर अजिबात करवू नका. समोरच्याने टाकला तर तो दबाव आणि आपण टाकला तर शब्द, असं होत नाही. अशा एका फोनने आपली खरी तक्रारही मातीत जाते.

अर्जात शेवटी एक मागणी स्पष्ट लिहा: नव्या कोर्टाने काम जिथे थांबलं तिथून पुढे चालवावं की पहिल्यापासून. कायद्यात दोन्हीची सोय आहे. वयस्कर साक्षीदाराची उलटतपासणी झाली असेल, तर ‘तिथून पुढे’ हेच मागा.