सीझनच्या सुरुवातीला संघाचा पासिंग गेम आणि रिसीव्हर कसे जोखावेत

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, एनएफएलचा, पहिला रविवार संपतो न संपतो तोच निकाल सुटायला लागतात. हा रिसीव्हर (पास पकडणारा) संपला, त्या क्वार्टरबॅकला (पास फेकणाऱ्याला) बसवा, या संघाला पास खेळताच येत नाही. सतरा सामन्यांचा सीझन, त्यातला एक झालेला! न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर दर सप्टेंबरला हेच चालतं, आणि पुण्यात रात्री साडेदहाला सामना लावून बसणारेही यात मागे नसतात. मला या घाईचा राग येतो, कारण पहिल्या महिन्यात पाहण्यासारखं खरंच भरपूर असतं. लोक मात्र यार्ड आणि टचडाउन धरून बसतात, म्हणजे नेमकं तेच जे आठवड्याला बदलतं.

डाउन, यार्ड, स्नॅप एवढं तुम्हाला कळतं असं धरून पुढचं लिहितो आहे. एक वही हाताशी ठेवा.

यार्ड आणि टचडाउन बाजूला ठेवा

2019 च्या पहिल्या सामन्यात कॅन्सस सिटी चीफ्सच्या सॅमी वॉटकिन्सने जॅक्सनव्हिलविरुद्ध 9 कॅच, 198 यार्ड आणि 3 टचडाउन अशी कमाल केली. सीझन संपला तेव्हा त्याच्या खात्यात 673 यार्ड होते आणि टचडाउन तेवढेच, 3. नियमित सीझनच्या उरलेल्या सामन्यांत एकही नाही. याउलट 2003 मध्ये ॲरिझोनाचा अँक्वान बोल्डिन कारकिर्दीतला पहिलाच सामना खेळला, 10 कॅच आणि 217 यार्ड काढले, आणि सीझनअखेर 101 कॅच, 1,377 यार्डांपर्यंत पोहोचला. पहिल्या दिवशीचे आकडे एकमेकांच्या जवळचे, पुढची वाटचाल अगदी वेगळी. यार्डांवरून या दोघांतला फरक त्या रविवारी कुणालाही सांगता आला नसता.

प्री-सीझनचं तर नावही काढू नका. 2021 च्या प्री-सीझनमध्ये सिनसिनाटीच्या जमार चेसच्या हातून चेंडू सुटत होते, तर त्यावर केवढी चर्चा झाली. पहिल्याच खऱ्या सामन्यात त्याने 50 यार्डांचा टचडाउन केला आणि पदार्पणाचा सीझन 1,455 यार्डांवर संपवला.

टार्गेट मोजा

टार्गेट म्हणजे रिसीव्हरकडे फेकलेला पास, पकडला जावो न जावो. चेंडू कुणाकडे फेकायचा हा प्रशिक्षक आणि क्वार्टरबॅक यांचा निर्णय असतो, आणि तो कल यार्डांपेक्षा कितीतरी लवकर स्थिर होतो. 2023 मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सच्या पुका नाकुआला, नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत निवडलेल्या मुलाला, पहिल्या सामन्यात 15 टार्गेट मिळाले आणि दुसऱ्यात 20. संघाचा मुख्य रिसीव्हर कूपर कप जखमी आहे म्हणून याचं फावलंय, असं म्हणणारे पुष्कळ होते. पण एका सामन्यात वीस वेळा चेंडू कुणी दया म्हणून फेकत नाही. 105 कॅच आणि 1,486 यार्ड असे दोन्ही नवख्यांचे विक्रम मोडून त्याने सीझन संपवला.

वहीत दोनच गोष्टी लिहा: पास-प्लेमध्ये हा खेळाडू किती वेळा रूट (ठरवून दिलेला धावमार्ग) धावला, आणि त्याला किती टार्गेट मिळाले. संघाच्या दर चार थ्रोमागे एक त्याच्याकडे जात असेल तर तो संघाचा मुख्य रिसीव्हर आहे, मग कॅच कितीही सुटोत.

कोण कुठे उभा राहतो ते पाहा

सगळे रिसीव्हर एकाच मापाने मोजणं हा वाईट सल्ल्यांमधला सगळ्यात जुना. स्नॅपच्या वेळी, म्हणजे चेंडू खेळात येतो त्या क्षणी, आक्रमक संघाचे सात जण लाइनवर (चेंडू ठेवलेला असतो त्या रेषेवर) असावे लागतात, म्हणून एका बाजूचा बाहेरचा रिसीव्हर लाइनवरच उभा असतो. त्याला एक्स म्हणतात. समोरचा कॉर्नरबॅक (थोडक्यात कॉर्नर, रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) त्याच्या तोंडाशी येऊन उभा राहतो आणि पहिल्या पाच यार्डांत त्याला नियमाने धक्का देऊ शकतो. दुसऱ्या बाजूचा झेड लाइनच्या मागे असतो, स्नॅपआधी हलू शकतो. स्लॉटमधला आत असतो, त्याला दोन्हीकडे वळायला जागा मिळते. एक्सला 5 कॅच मिळाले आणि स्लॉटवाल्याला 9, म्हणून दुसरा चांगला असं होत नाही. सगळ्यात अवघड काम एक्सचं आहे.

चेंडू पडला, चूक कुणाची?

खरी मेहनत इथे आहे, आणि मला हे हाताला यायला फार वेळ लागला. पास अपूर्ण राहिला की कागदावर दोन नोंदी होतात: क्वार्टरबॅकच्या नावावर अपूर्ण पास, रिसीव्हरच्या नावावर वाया गेलेलं टार्गेट. क्रिकेटमध्ये रनआउटचं होतं तसंच. स्कोअरकार्डवर बाद झालेल्याचं नाव येतं, चुकीचा कॉल कुणी दिला ते येत नाही.

टीव्हीवर हे कळणं जवळजवळ अशक्य आहे. स्नॅप झाला की कॅमेरा क्वार्टरबॅकवर असतो, रिसीव्हर दुसऱ्या क्षणाला चौकटीबाहेर जातो आणि थेट चेंडू पोहोचताना परत दिसतो. रिप्लेसुद्धा तोच शेवटचा क्षण दाखवतो. म्हणून ज्याला हे मनापासून करायचंय त्याने ऑल-22 चित्रण पाहावं. त्यात उंचावरून बावीसही खेळाडू दिसतात, शिवाय एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या) मागून घेतलेला दुसरा कोन असतो. लीगच्या सशुल्क सेवेत ते मिळतं. एका संघाचे एका सामन्यात साधारण दहा-पंधरा पास अपूर्ण राहतात, तेवढेच पाहायचे. तासाभराचं काम आहे. प्रत्येक प्ले तीनदा चालवा, आणि प्रत्येक वेळी एकाच माणसाकडे बघा.

पहिल्यांदा फक्त रिसीव्हर. चेंडू कुठे आहे ते विसरा. त्याची पहिली दोन पावलं कुठे पडतात? कॉर्नरच्या हाताने त्याचा खांदा वळला का? वळण घेताना कंबर खाली जाते की तो ताठच्या ताठ फिरतो? ताठ फिरणारा रिसीव्हर आपलं वळण आधीच सांगून टाकतो. आणि बाहेरून सरळ खोल धावत असेल तर त्याच्या आणि कडेच्या पांढऱ्या रेषेच्या मधली जागा पाहा. चेंडू पडायला तीच जागा हवी असते. कॉर्नरने त्याला ढकलत ढकलत रेषेला चिकटवलं की जगातल्या कुठल्याही क्वार्टरबॅकला तिथे चेंडू टाकता येणार नाही. असा पास मैदानाबाहेर पडतो, समालोचक "थोडा जास्त लांब गेला" म्हणतो आणि दोष भलत्याच्या माथी बसतो.

दुसऱ्यांदा फक्त क्वार्टरबॅकचे पाय. एंड झोनचा कोन लावा. तो मागे सरकतो, आणि शेवटी मागचा पाय जमिनीत रोवतो. तिथे चित्र थांबवा. आता दुसऱ्या कोनात जाऊन रिसीव्हर त्या क्षणी काय करतोय ते बघा. तो वळायच्या बेतात असेल तर चेंडू हातातून सुटायलाच हवा. पाय रोवल्यावर क्वार्टरबॅकने एक उडी, दोन उड्या घेतल्या, रिसीव्हर वळून वाट बघत उभा राहिला आणि मग चेंडू आला, तर तो पास उशिरा आला. मधल्या वेळात कॉर्नर धावत येऊन पोहोचतो. टीव्हीवर काय दिसतं? कॉर्नर अंगाला चिकटलेला. लगेच "याला मोकळं होता येत नाही" असं ठरतं. बिचारा मोकळा झाला होता, अर्ध्या सेकंदापूर्वी. नवा क्वार्टरबॅक किंवा नवा प्रशिक्षक असलेल्या संघात सप्टेंबरमध्ये हे हमखास सापडतं, आणि सगळ्यात जास्त अन्याय इथेच होतो.

तिसऱ्यांदा ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकला सांभाळणारे पुढचे खेळाडू. स्नॅपपासून चेंडू सुटेपर्यंत साधारण अडीच ते पावणेतीन सेकंद जातात. त्याआधीच कुणी अंगावर आलं असेल तर रिसीव्हर आणि क्वार्टरबॅक दोघांनाही सोडून द्या. पण तीन सेकंद उलटून गेल्यावर सॅक झाला (क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडलं) तर तो नेहमी लाइनच्या नावावर टाकू नका. चेंडू धरून बसणाऱ्या क्वार्टरबॅकमुळे चांगली लाइनही वाईट दिसते.

मग वहीत एक अक्षर: रि, क्वा, ला, किंवा बचाव खरंच सरस होता तर ब. आणि पाचवी खूण, प्रश्नचिन्ह. ती वापरायला लाजू नका. काही रूट समोरचा बचाव बघून बदलायचे असतात: झोन (बचावपटू माणसाऐवजी जागा राखतायत) दिसला तर मोकळ्या जागेत थांब, माणसाला माणूस असेल तर धावत राहा. दोघांनी वेगवेगळं वाचलं की चेंडू ओसाड गवतावर पडतो. कोण चुकलं हे त्या संघाच्या मीटिंगबाहेर कुणालाच माहीत नसतं. क्वार्टरबॅकने छातीवर हात मारून "माझी चूक" अशी खूण केली तरी तिला पुरावा मानू नका. सहकाऱ्याला सांभाळून घेण्यासाठीही खेळाडू तसं करतात. अशा प्लेवर ठामपणे बोलणाऱ्या तज्ज्ञाचं ऐकणं मी बंद केलं आहे.

आता सुटलेले कॅच. हा आकडा ठिकाणाठिकाणी वेगळा दिसतो, कारण कुठला चेंडू पकडायलाच हवा होता हे मोजणारा माणूस ठरवतो. माझा नियम कडक आहे: दोन्ही हातांना चेंडू लागला आणि त्या क्षणी बचावपटूचा स्पर्श नव्हता, तरच ड्रॉप. 2024 च्या दुसऱ्या सामन्यात न्यूयॉर्क जायंट्सच्या मलिक नेबर्सच्या हातून शेवटी चौथ्या डाउनवर, म्हणजे अखेरच्या संधीला, असा एक चेंडू सुटला आणि संघ वॉशिंग्टनकडून 21-18 असा हरला. चर्चा सगळी त्या एका चेंडूची. त्याच सामन्यात त्या एकवीस वर्षांच्या मुलाला 18 टार्गेट मिळाले होते, 10 कॅच, 127 यार्ड आणि एक टचडाउन होता. संघाला दुसरा आधारच नव्हता आणि समोरच्यांनाही ते माहीत होतं, तरी तो मोकळा होत होता. सीझनअखेर 109 कॅच आणि 1,204 यार्ड, तेही 3 विजय आणि 14 पराभवांच्या सीझनमध्ये.

मोकळ्या जागेच्या सरासरी आकड्यापासूनही सावध राहा. खेळाडूंच्या शोल्डर पॅडमधल्या चिप्समुळे लीगला प्रत्येकाची जागा कळते, आणि रिसीव्हर आणि बचावपटू यांच्यात किती यार्ड अंतर होतं हे छापून येतं. पण ते अंतर मोजलं जातं चेंडू पोहोचताना, आणि ज्याच्याकडे चेंडू फेकला त्याचंच. मोकळा असून चेंडू मिळाला नाही तो त्यात येतच नाही. शिवाय दोन यार्डांच्या स्क्रीन पासवर कुणीही मोकळा असतो. माइक इव्हान्स सहा फूट पाच इंचांचा, अंगावर माणूस असताना वरून चेंडू उचलणारा; टँपा बेकडून त्याने 2014 पासून 2024 पर्यंत सलग अकरा सीझन हजार यार्ड ओलांडले. त्याला मोकळ्या जागेच्या मापाने मोजणं म्हणजे त्याचा खेळ न पाहणं.

प्रसंग आणि प्रतिस्पर्धी

तिसऱ्या डाउनचे पास वेगळे लिहा. वीस गुणांनी मागे असताना शेवटच्या क्वार्टरमध्ये मिळालेले यार्ड खोडा. दोन सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) खोल उभे ठेवणाऱ्या बचावासमोर छोटे पास खेळणं ही भित्री खेळी नाही, तो बरोबर निर्णय आहे. लांब पास का नाहीत म्हणून ओरडण्याआधी सेफ्टी मोजा.

चौथ्या सामन्यानंतर मत द्या

त्याआधी नाही. 2018 मध्ये टँपा बेच्या रायन फिट्झपॅट्रिकने पहिल्या तीन सामन्यांत 417, 402 आणि 411 यार्ड फेकले. देशभर कौतुक. चौथ्या सामन्यात शिकागोने 48-10 असं धुतलं आणि त्याची जागा गेली. त्याच सप्टेंबरमध्ये पॅट्रिक माहोम्सने तीन सामन्यांत 13 टचडाउन पास टाकले आणि सीझनअखेर ते 50 झाले. फरक आधीच दिसत होता: त्या तीन सामन्यांत माहोम्सचा एकही चेंडू समोरच्यांच्या हाती गेला नव्हता, फिट्झपॅट्रिकचे एकट्या तिसऱ्या सामन्यात तीन गेले होते. यार्ड बघणाऱ्यांना ते दिसले नाहीत.

चार सामन्यांची अक्षरं एकत्र मोजा. क्वा जास्त असतील तर उशिरा येणारे पास वेगळे काढा. ते ऑक्टोबरात सरावाने सुधारतात, चुकीच्या माणसाकडे फेकलेले सहसा सुधारत नाहीत. रि एकाच खेळाडूपुढे साचले असतील आणि ते सगळे कॉर्नर तोंडाशी असतानाचे असतील, तर त्याला स्लॉटमध्ये हलवतात का ते बघा. ला जास्त असतील तर रिसीव्हरांबद्दल अजून काहीच बोलू नका. आणि प्रश्नचिन्हंच सगळ्यात जास्त झाली असतील, तर पाचव्या-सहाव्या सामन्यात ती कमी होतात का तेवढं पाहा. होत नसतील तर गडबड खेळाडूंपेक्षा प्रशिक्षकाच्या आखणीत शोधा. साधारण पाचव्या आठवड्यापासून संघांच्या सुट्ट्या सुरू होतात. आपल्या संघाचा सामना नसेल त्या रविवारी वही उघडून पहिल्या सामन्यातली प्रश्नचिन्हं पुन्हा चालवून बघा; तोवर संघाची आखणी ओळखीची झालेली असते आणि त्यातली काही सुटतात.