कूस बदलली की घर फिरतं?

माझ्याकडे फिजिओथेरपीला आलेल्या एक काकू चक्कर येते म्हणून दीड वर्ष मानेला पट्टा लावून वावरत होत्या. 'मणक्यात गॅप' असं त्यांना सांगितलेलं. मी विचारलं, "चक्कर नेमकी कधी येते?" म्हणाल्या, "उजव्या कुशीवर वळले की. नाहीतर फळीवरचा डबा काढायला वर बघितलं की. अर्ध्या मिनिटात थांबते गं." निम्मं निदान तिथेच झालं: ही मानेची नव्हे, आतल्या कानाची चक्कर, डॉक्टरी भाषेत बीपीपीव्ही.

आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत, बहुतेकदा मागच्या, शिरले की डोकं हलताच नळीतला द्रव ढवळतो आणि सगळं गरगरतं.

आधी कान कोणता ते ठरवायचं. त्यासाठी डिक्स-हॉलपाइक चाचणी आहे, १९५२ पासूनची. काकूंना पलंगावर पाय पसरून बसवलं, मान उजवीकडे ४५ अंश वळवली आणि झटकन आडवं केलं, डोकं कडेबाहेर जरा खाली. डोळे उघडेच ठेवायला सांगितले. दोन-तीन सेकंद काही नाही. मग बुबुळं गोल फिरत वर झटके देऊ लागली. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. वीस सेकंदांत डोळे शांत. डाव्या बाजूला काहीच नाही. म्हणजे उजवा कान.

तिथूनच पुढे एप्ली, म्हणजे कण परत जागेवर नेण्याची अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांची पद्धत. डोकं तसंच ३० ते ६० सेकंद. मग डावीकडे ९० अंश वळवायचं, थांबायचं. मग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, पुन्हा थांबायचं. शेवटी हनुवटी छातीकडे ठेवून सावकाश उठवायचं आणि धरून बसवायचं. उठताना तोल जातो. डावा कान असेल तर सगळं उलट. पहिल्यांदा हे जाणकाराकडूनच करून घ्या, मानेचं दुखणं असेल तर नक्कीच.

चक्करेच्या गोळीने मळमळ थांबते, कण परत जागेवर जात नाहीत. महिनोन्‌महिने गोळ्या घेणारी माणसं बघून जीव तुटतो.

पण बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, हातापायातली ताकद गेली, चालताच येईना, अचानक ऐकू येईना किंवा चक्कर तासन्‌तास थांबेना, तर हा प्रकार नव्हे. थेट दवाखाना गाठा.

काकूंना दोनदा एप्ली लागली. पट्टा सुटला. हे पुन्हा उलटू शकतं, तेव्हा परत तेच करायचं. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. कमी असेल आणि भरून काढलं, तर उलटण्याचं प्रमाण घटतं.