विंडोज इन्स्टॉल करताना ‘एमबीआर पार्टिशन टेबल’ची अडचण: माझा अनुभव

जुन्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क नव्या मशीनला लावून विंडोज ११ टाकत होतो. डिस्क निवडायच्या स्क्रीनवर ‘नेक्स्ट’ बटण फिकटच राहायचं. खाली सूचना: डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, कुठे आहेत याची जुन्या पद्धतीची नोंद) आहे, ईएफआय (मशीन सुरू करणारी नवी प्रणाली) सिस्टिमला जीपीटी (नोंदीची नवी पद्धत) डिस्कच लागते. सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, डिलीट करून नवा केला, विंडोजचा पेनड्राइव्हही बदलला. फरक शून्य, डोकं पार भणभणलं.

फॉरमॅटने फक्त त्या पार्टिशनमधला डेटा जातो. एमबीआर की जीपीटी, हे अख्ख्या डिस्कचं असतं. त्याच डिस्कवरचा डी ड्राइव्ह तसाच होता, म्हणून टेबलही तेच राहिलं.

आधी डीवरचा सगळा डेटा दुसरीकडे कॉपी करा, कारण पुढे पूर्ण डिस्क कोरी होते. मग त्याच स्क्रीनवर शिफ्ट आणि एफ१० दाबा (काही लॅपटॉपवर सोबत एफएनही लागतं). काळ्या खिडकीत इंग्रजीत ‘डिस्कपार्ट’ (diskpart), नंतर ‘लिस्ट डिस्क’ (list disk) टाइप करा. यादीत पेनड्राइव्हही येतो, तेव्हा आकार बघूनच आपली डिस्क ओळखा. एमबीआर डिस्कसमोर जीपीटीच्या रकान्यात तारा (*) नसतो. माझी ० क्रमांकाची होती. मग ‘सिलेक्ट डिस्क ०’ (select disk 0), ‘क्लीन’ (clean), ‘कन्व्हर्ट जीपीटी’ (convert gpt), ‘एक्झिट’ (exit), प्रत्येकानंतर एंटर. ‘क्लीन’ खात्री करून घेत नाही, लगेच पुसतं!

खिडकी बंद करून ‘रिफ्रेश’ करा. ‘अनअलोकेटेड स्पेस’ (पार्टिशन नसलेली मोकळी जागा) निवडून थेट ‘नेक्स्ट’. ईएफआयचं छोटं पार्टिशन सेटअप आपणच बनवतो. डी ड्राइव्ह नंतर ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ने काढला.