एचआरचा डेटा एडीमध्ये सिंक करताय? मग या चुका टाळा

कनेक्टर (दोन सिस्टिम जोडणारा तुकडा) लावला, टेस्ट कनेक्शनला हिरवी टिक आली, चार-दोन युजर इम्पोर्ट झाले आणि लगेच मेल गेला की आयडीएम (आयडेंटिटी मॅनेजमेंट) इंटिग्रेशन झालं. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. इथे मी नेहमीची मांडणी धरतोय, म्हणजे एका बाजूला पगाराचं सॉफ्टवेअर आणि त्याचा एसक्यूएल सर्व्हर नाहीतर मायएसक्यूएलचा डेटाबेस, मध्ये मिडपॉइंटसारखं आयडेंटिटी मॅनेजमेंट (कुणाचं अकाउंट कुठे असावं ते सांभाळणारं सॉफ्टवेअर), पलीकडे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी म्हणजे एडी (विंडोज नेटवर्कमधली युजर आणि लॉगिनची यादी) आणि तिथून एंट्रा कनेक्टने (एडी क्लाउडला जोडणारं मायक्रोसॉफ्टचं टूल) सगळं क्लाउडवर. तुमच्याकडे प्रॉडक्ट वेगळे असतील पण चुका त्याच, आणि त्यातल्या निम्म्याअधिक कनेक्टरच्या नसतातच. कुठल्या फील्डचा मालक कोण हेच कुणी बसून ठरवलेलं नसतं.

स्टेटस अ‍ॅक्टिव्ह म्हणजे माणूस कामावर आहे असं नाही

पगाराच्या सॉफ्टवेअरला तुमच्या लॉगिनशी काही देणंघेणं नाही, त्याला महिनाअखेर पगार काढायचाय. त्यामुळे माणूस राजीनामा देऊन घरी बसला तरी फुल अँड फायनल (शेवटचा हिशोब) होईपर्यंत तिथे त्याचं स्टेटस अ‍ॅक्टिव्हच दिसू शकतं, आणि तुम्ही मॅपिंगमध्ये (एचआरचं कुठलं फील्ड एडीत कुठे जाणार त्या नियमांमध्ये) ‘अ‍ॅक्टिव्ह असेल तर अकाउंट चालू’ असं लिहून मोकळे झाला असाल तर तो तितके दिवस व्हीपीएनने आरामात आत येणार. एचआरला शिव्या घालून उपयोग नाही, त्यांच्या हिशोबाने ते बरोबरच आहेत. स्टेटसऐवजी लास्ट वर्किंग डेचा कॉलम मागा आणि त्यावर चाला.

आता तो लास्ट वर्किंग डे एडीच्या अकाउंट एक्स्पायर्स फील्डमध्ये टाकताना बहुतेक जण आपटतात. हे फील्ड तारीख ठेवत नाही, १ जानेवारी १६०१ पासून यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) मोजलेले शंभर-शंभर नॅनोसेकंदांचे ठोके ठेवतं. तुम्ही डेटाबेसमधून नुसती ३१ मार्च ही तारीख उचलली आणि कोडने ती ३१ मार्च, रात्री बारा, यूटीसी अशी धरली की आपल्याकडे ३१ तारखेच्या पहाटे साडेपाचलाच अकाउंट मेलं. बिचारा शेवटच्या दिवशी हँडओव्हर द्यायला ऑफिसात आलेला असतो आणि लॉगिनच होत नाही, मग मॅनेजरचा फोन, मग हेल्पडेस्कवाला हातानेच तारीख पुढे ढकलतो आणि रात्री सिंक ती परत मागे आणतं. पुढच्या दिवसाची मध्यरात्र, तीसुद्धा भारतीय वेळेची, यूटीसीत बदलून टाका. आणि ज्याला शेवटची तारीखच नाही त्याच्यासाठी शून्य टाका, शून्य म्हणजे कधीच एक्स्पायर होऊ नये. फील्ड रिकामं पाठवलं की काही कनेक्टर एरर देऊन बसतात.

नावाने आणि ईमेलने जुळवू नका

संतोष पाटील नावाचे किती लोक तुमच्या कंपनीत आहेत ते एकदा क्वेरी मारून बघा. ईमेल तरी युनिक असतो असं वाटतं, पण लग्नानंतर आडनाव बदललं, एचआरने नवीन मेल आयडी टाकला, की सिंकच्या दृष्टीने एक बाई गेली आणि दुसरी नवीनच आली. जुनं अकाउंट बंद, नवीन कोरं, आणि तिचे सगळे ग्रुप, मेलबॉक्स, शेअर्ड फोल्डर जुन्याच अकाउंटवर.

जुळवायचं ते एम्प्लॉयी नंबरवर. त्यातही दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे मधे कुणीतरी एक्सेलमधून डेटा फिरवला की ००४१२ चा ४१२ होतो, तेव्हा हा कॉलम सगळीकडे टेक्स्टच हवा. दुसरा म्हणजे सोडून गेलेला माणूस दोन वर्षांनी परत जॉइन होतो आणि त्याला नवीन नंबर मिळतो. अशा वेळी सॉफ्टवेअरला अंदाज लावू देऊ नका. मिडपॉइंटमध्ये दोन उमेदवार जुळले की ती सिच्युएशन डिस्प्यूटेड म्हणून पडते, ती माणसाने उघडून बघायची असते, पण लोक रोज तेच नको म्हणून तिथे ऑटोमॅटिक नियम लावतात आणि एकाची सॅलरी स्लिप दुसऱ्याला दिसायला लागते.

एडीच्या बाजूला डीएन (एडीतला पूर्ण पत्ता) लक्षात ठेवू नका, माणसाचा ओयू (एडीतला फोल्डरसारखा विभाग) बदलला की डीएन बदलतं. ऑब्जेक्ट जीयूआयडी (एडीने अकाउंटला दिलेला कायमचा आयडी) मात्र नाव बदला, ओयू बदला, तसाच राहतो. लॉगिन नावाचंही एक आहे, जुन्या सॅम अकाउंट नेमला युजरसाठी २० अक्षरांची मर्यादा आहे, आणि पहिलं नाव डॉट आडनाव असा फॉर्म्युला ठेवला की ज्ञानेश्वर सूर्यवंशी रोमन लिपीत त्यात मावतच नाही. कापून चालतं, पण कापल्यावर दुसऱ्याशी टक्कर होतेय का ते कापल्यानंतर तपासा, आधी नाही. गेलेल्याचं लॉगिन नाव नवीन माणसाला देणं तर नकोच, कारण काही जुन्या अ‍ॅप्लिकेशनना फक्त लॉगिन नावच कळतं आणि ती जुन्या माणसाच्या सगळ्या परवानग्या नव्याच्या हातात देतात.

देवनागरी नावं ठेवत असाल, म्हणजे सरकारी किंवा सहकारी संस्थांचं काम असेल, तर हे नीट वाचा. कऱ्हाडे आणि कर्‍हाडे ही दोन नावं डोळ्यांना एकच दिसतात. पहिल्यात ऱ हे वेगळं अक्षर आणि हलन्त आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर आहे, कुठल्या कीबोर्डने टाइप केलं त्यावर ठरतं. बाइट वेगळे, म्हणून साधी तुलना केली तर फरक आला, म्हणून सिंक रोज रात्री ‘नाव बदललं’ म्हणत अपडेट मारत बसतं आणि लॉग बघणाऱ्याला काही केल्या फरक सापडत नाही. युनिकोड नॉर्मलायझेशन लावलं तरी हे दोन एक होत नाहीत, स्वतःच इनबाउंड (एचआरकडून आत येणाऱ्या डेटाच्या) मॅपिंगमध्ये एका रूपात बदलून घ्यावं लागतं. ॲ आणि अ‍ॅ ची तीच कथा. आणि एसक्यूएल सर्व्हरचा कॉलम साधा व्हारचार असेल, यूटीएफ-८ कोलेशन नसेल, तर मराठी नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात, एनव्हारचार (युनिकोड टेक्स्टचा प्रकार) करून घ्या.

रिकामी यादी आली म्हणजे सगळे राजीनामा देऊन गेले असं नसतं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एचआरच्या डीबीएने (डेटाबेस सांभाळणाऱ्याने) रात्री व्ह्यू (सिंक जिथून वाचतं ती तयार क्वेरी) बदलला, किंवा मेंटेनन्ससाठी टेबल रिकामं करून परत भरायला घेतलं, आणि नेमकं तेव्हाच तुमचं रिकन्सिलिएशन (दोन्हीकडच्या याद्या पूर्ण ताडून बघणं) चाललं. कनेक्शन ठीक, क्वेरी ठीक, एरर नाही, रो (टेबलातल्या ओळी) मात्र शून्य किंवा अर्ध्याच. सॉफ्टवेअरला वाटतं उरलेले सगळे डिलीट झाले.

म्हणून डिलीट आलं तरी आधी फक्त डिसेबल करा, खरं डिलीट काही आठवड्यांनी. आणि रो नेहमीपेक्षा फारच कमी आल्या तर टास्क थांबलाच पाहिजे अशी मर्यादा घाला. एंट्रा कनेक्टमध्ये अशी मर्यादा आधीपासून असते, पण तिचा डिफॉल्ट ५०० ऑब्जेक्ट आहे, आणि तुमच्याकडे एकूण माणसंच चारशे असतील तर सगळेच्या सगळे उडाले तरी ती काही बोलणार नाही! हा आकडा बदलायचा असतो हे कुणी सांगतच नाही. क्लाउडवर डिलीट झालेला युजर ३० दिवस परत आणता येतो, एडीमध्ये मात्र रिसायकल बिन आधी चालू केलेला असेल तरच नीट परत येतो, आत्ताच जाऊन बघा.

याचीच दुसरी बाजू म्हणजे एडीमध्ये असलेली पण एचआरमध्ये नसलेली अकाउंट. कंत्राटी लोक, ऑडिटर, बॅकअपचं सर्व्हिस अकाउंट, प्रिंटरचं अकाउंट. यांना पगार नाही म्हणून एचआरच्या टेबलात रो नाही, म्हणून सिंकला हे सगळे अनमॅच्ड दिसतात, आणि उत्साहाच्या भरात कुणी अनमॅच्डवर ‘डिसेबल’ लावलं की बॅकअप बंद, स्कॅनर बंद, आणि कधीकधी ज्या अकाउंटने सिंक स्वतः एडीत लॉगिन करतं तेही बंद. सर्व्हिस अकाउंट वेगळ्या ओयूत काढा, प्रोटेक्टेड यादीत टाका, कंत्राटी लोकांसाठी एचआरऐवजी दुसरा मालक ठरवा. पहिले काही रन सिम्युलेशनमध्ये काढा, एंट्रा कनेक्टमध्ये त्यासाठी स्टेजिंग मोड आहे, त्यात एक्सपोर्ट होत नाही.

मोबाइल नंबर रोज जुना का होतो

युजर हेल्पडेस्कला सांगून एडीत नंबर बदलून घेतो, सकाळी परत जुना. कारण मॅपिंग स्ट्राँग आहे, एचआरचं म्हणणं काहीही झालं तरी लादायचं. मिडपॉइंटमध्ये नॉर्मल ठेवलं तर एचआरकडे बदल झाला तरच पुढे जातं, वीक ठेवलं तर फील्ड रिकामं असेल तेव्हाच भरतं. डिपार्टमेंट आणि मॅनेजर स्ट्राँग ठेवा. मोबाइलचा मालक शक्यतो युजरच असू द्या.

फक्त बदललेले रो आणताना

मॉडिफाइड डेटचा कॉलम बघून बदल उचलणं सोपं आहे, पण डिलीट झालेला रो त्यात दिसणारच नाही, कारण तो उरलेलाच नाही. शिवाय डेटाबेस यूटीसीत लिहितोय आणि सिंकचा सर्व्हर आपल्या वेळेने ‘मागच्या रननंतरचं दे’ म्हणतोय असं असेल तर तो कायम साडेपाच तास पुढचं मागत राहतो आणि मधले नवीन बदल निसटून जातात. उलटं असेल तर तेच तेच रो परत येतात, त्याने निदान नुकसान होत नाही. स्वतःचं घड्याळ वापरूच नका, मागच्या वेळी आलेल्या रोमधली सगळ्यात मोठी वेळ जपून ठेवा आणि पुढच्या वेळी त्याच्या काही मिनिटं आधीपासून मागा, कारण लांबलेलं ट्रान्झॅक्शन उशिरा कमिट होतं पण त्यावर वेळ जुनी असते.

एडीकडून बदल उचलताना यूएसएन चेंज्ड (प्रत्येक बदलागणिक वाढणारा आकडा) वापरत असाल तर तो आकडा प्रत्येक डोमेन कंट्रोलरचा (डीसी, म्हणजे एडी चालवणारा सर्व्हर) आपापला असतो. कॉन्फिगमध्ये नुसतं डोमेनचं नाव दिलं की आज एका डीसीला, उद्या दुसऱ्याला जोडणार आणि मधले बदल गायब. एकच डीसी पक्का करा नाहीतर डिरसिंक (बदल विचारायची एडीची स्वतःची सोय) वापरा, आणि काहीही वापरलं तरी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकन्सिलिएशन हवंच.

अडलंच तर कुठे बघायचं

बरोब्बर १००० युजर येतायत? पेजिंग (यादी तुकड्यातुकड्याने मागणं) बंद आहे, एडी एका वेळी डिफॉल्टने तेवढेच देते. मोठ्या ग्रुपचे १५०० च मेंबर दिसतात? कनेक्टर रेंजने पुढचे मागत नाहीये, आणि अशा अर्धवट यादीवरून ग्रुप परत लिहू नका.

एडीकडून येणारा एरर ५३, अनविलिंग टू परफॉर्म, बहुतेक वेळा पासवर्डवरून येतो. मेसेजमधल्या कोडच्या शेवटी ५२डी असेल तर पासवर्ड पॉलिसीत बसत नाहीये, १एफ असेल तर कनेक्शन एन्क्रिप्टेड नाही, ६३६ पोर्टवर या, साध्या ३८९ वर तसाच पासवर्ड लिहू देत नाही.

एडीत डिसेबल केलेला माणूस क्लाउडवर अजून मेल वाचतोय ही तक्रार आली तर ते बिघाड नाही. पासवर्ड हॅश (पासवर्डचं सांकेतिक रूप) दर दोन मिनिटांनी जातो पण बाकीचं एंट्रा कनेक्ट डिफॉल्टने अर्ध्या तासाने पाठवतं, आणि वर हातात असलेलं अ‍ॅक्सेस टोकन (लॉगिननंतर मिळालेला तात्पुरता परवाना) तासभर ते दीड तास चालू राहू शकतं. कुणाला तडकाफडकी काढलं असेल तर क्लाउडवरही हाताने साइन-इन बंद करा आणि सेशन रिव्होक (रद्द) करा.

आणि एरर ४९ आला की सगळे ‘पासवर्ड चुकला’ म्हणून बदलायला धावतात. मेसेजमधला डेटाचा आकडा वाचा ना आधी. ५२ई म्हणजे खरंच पासवर्ड चुकला, ५३२ म्हणजे सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड एक्स्पायर झाला, ५३३ म्हणजे अकाउंट डिसेबल्ड, ७०१ म्हणजे अकाउंटच एक्स्पायर, ७७५ म्हणजे लॉक. ७७५ परत परत येत असेल तर कुठल्यातरी टेस्ट सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये जुनाच पासवर्ड राहिलाय का ते बघा, तो दर काही मिनिटांनी धडका मारत असतो. आधी तो सर्व्हर शोधून बंद करा आणि मग अनलॉक करा.