व्हीएम क्लाउडवर हलवताना या चुका टाळा

एकाच मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), म्हणजे आभासी सर्व्हर, चालवणारं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी व्हीएमवेअर. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती विकत घेतली. पाठोपाठ कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद झाली आणि सगळा कारभार सबस्क्रिप्शनवर गेला. तेव्हापासून ‘आपले सर्व्हर क्लाउडवर न्या’ हे काम बऱ्याच आयटी टीमच्या गळ्यात पडलं आहे. टूल्सची वानवा नाही. अॅमेझॉनची अॅप्लिकेशन मायग्रेशन सर्व्हिस, मायक्रोसॉफ्टचं अझूर मायग्रेट आणि गुगलचं मायग्रेट टू व्हर्च्युअल मशीन्स ही तिन्ही डिस्कची कॉपी चोख करतात. घोडं अडतं ते डिस्कवर नसलेल्या गोष्टींपाशी, आणि त्या गोष्टी टूल आपल्याला विचारत नाही.

जुन्या लेखांच्या भरवशावर कामाला लागणं

सर्च केलं की आजही अॅमेझॉनच्या सर्व्हर मायग्रेशन सर्व्हिसवरचे लेख वर येतात. ती सेवा मार्च २०२२ मध्ये बंद झाली. गुगलच्या टूलचं नाव तर मधल्या काळात बदललंच, कामाची पद्धतही बदलली. म्हणून लेखाची तारीख आधी बघा आणि पायऱ्या मात्र अधिकृत डॉक्युमेंटेशनमधूनच घ्या.

त्यातही सगळ्यात आधी वाचायचं पान म्हणजे सपोर्ट मॅट्रिक्स. कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, कोणतं व्हर्जन, किती मोठी डिस्क, बूट बायोस की यूईएफआय (मशीन सुरू होण्याची जुनी की नवी पद्धत), हे सगळं तिथे असतं. कंटाळवाणं पान आहे, म्हणून लोक ते शेवटी उघडतात, आणि तोवर सेंटओएस ६ (लिनक्सची जुनी आवृत्ती) चा एखादा जुना सर्व्हर मध्येच अडकलेला असतो. क्लाउड अॅडॉप्शन फ्रेमवर्क किंवा अॅमेझॉनचं प्रिस्क्रिप्टिव्ह गायडन्स हे चांगले स्रोत आहेत, पण ते शेकडो सर्व्हरच्या नियोजनासाठी. दहा-पंधरा व्हीएम असतील तर सपोर्ट मॅट्रिक्स आणि ट्रबलशूटिंगची पानं नीट वाचलीत तरी पुरे.

यादी आहे, पण कोण कोणाशी बोलतं ते माहीत नाही

आरव्हीटूल्स हे टूल चालवलं की व्ही-सेंटरमधल्या (व्हीएमवेअरच्या व्यवस्थापन सॉफ्टवेअरमधल्या) सगळ्या व्हीएमची एक्सेल यादी मिळते. पण कोणता सर्व्हर कोणाच्या डेटाबेसला जोडलेला आहे, हे त्या यादीत नसतं. अझूर मायग्रेटचं डिपेंडन्सी अॅनालिसिस ते दाखवतं. ते नसेल तर नेटस्टॅटचं (चालू नेटवर्क जोडण्या दाखवणाऱ्या कमांडचं) आउटपुट ठरावीक वेळाने नोंदवत राहा, आणि यात महिनाअखेर येऊ द्या. पगाराचं किंवा जीएसटीचं काम करणारी जोडणी एरवी दिसतच नाही.

ही माहिती नसली की अॅप्लिकेशन क्लाउडवर जातं आणि डेटाबेस ऑफिसात राहतो. ऑफिसच्या लॅनवर एका क्वेरीला जाऊन येऊन अर्धा मिलिसेकंद लागतो असं धरा, आणि व्हीपीएनवरून १५. एक स्क्रीन उघडताना एकामागून एक ४०० क्वेरी जात असतील, तर ०.२ सेकंदाची स्क्रीन ६ सेकंदांची होते. मग ‘क्लाउड स्लो आहे’ अशी ओरड सुरू होते. सर्व्हर मोठा घेऊन हे सुटत नाही, दोन्ही एकत्रच हलवावे लागतात. याच कारणासाठी रीजनही (क्लाउडच्या डेटा सेंटरचं ठिकाण) जवळचा घ्या. महाराष्ट्रातल्या ऑफिसांसाठी अझूरचा सेंट्रल इंडिया पुण्यात आहे, अॅमेझॉन आणि गुगल दोघांचेही रीजन मुंबईत आहेत.

साइझिंगबद्दल, म्हणजे क्लाउडवर किती मोठा सर्व्हर घ्यायचा त्याबद्दल, एवढंच: जुन्या व्हीएमला १६ कोअर दिले होते म्हणून क्लाउडवरही १६ घेऊ नका. अझूर मायग्रेटमध्ये प्रत्यक्ष वापरावर आधारित असेसमेंटचा पर्याय निवडा. आणि डिस्कचा वेग तपासा, तो हमखास राहून जातो.

रेप्लिकेशन पुढेच सरकत नाही

रेप्लिकेशन म्हणजे डिस्कची क्लाउडवर सतत होत राहणारी कॉपी. ती अडली तर पहिला संशय फायरवॉलवर घ्या. अॅमेझॉनच्या एजंटला (सर्व्हरमध्ये बसवायच्या छोट्या प्रोग्रामला) ४४३ पोर्ट लागतोच, पण प्रत्यक्ष डेटा टीसीपी १५०० वरून जातो, आणि तो उघडायचा राहतो. अझूर मायग्रेटच्या एजंटलेस (एजंट न बसवता चालणाऱ्या) पद्धतीत तिच्या अप्लायन्सकडून, म्हणजे त्यासाठी उभारलेल्या व्हीएमकडून, ईएसएक्सआय होस्टकडे (व्हीएम ज्यावर चालतात त्या मूळ सर्व्हरकडे) ९०२ पोर्ट मोकळा लागतो.

दुसरं कारण म्हणजे साधं गणित. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण मिळाली तरी १ टीबी जायला २२ तास लागतात, आणि ऑफिसच्या वेळेत ती पूर्ण मिळत नाही. त्यात रोज रात्री डेटाबेसचा बॅकअप त्याच डिस्कवर पडत असेल, तर ती सगळी फाइल बदल म्हणून पुन्हा पाठवली जाते. बॅकअपची जागा वेगळ्या डिस्कवर न्या आणि ती डिस्क रेप्लिकेशनमधून वगळा. लॅग, म्हणजे कॉपी मागे पडल्याचं अंतर, उतरायला लागतो.

कॉपी झाली, पण बूट होत नाही

लिनक्सवर हा प्रकार जास्त दिसतो. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्समध्ये इनिट-रॅम-एफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइल सिस्टिम, साधारणपणे चालू हार्डवेअरला लागणारे ड्रायव्हर घेऊनच तयार होते, म्हणजे व्हीएमवेअरचे. अॅमेझॉनच्या नायट्रो (नव्या पिढीच्या) सर्व्हरवर डिस्क एनव्हीएमई प्रकारची असते, अझूरवर बहुतेक वेळा हायपर-व्हीची (मायक्रोसॉफ्टच्या व्हीएम सॉफ्टवेअरची). ड्रायव्हरच नाही म्हटल्यावर कर्नल रूट डिस्क शोधत बसतो आणि शेवटी ड्रॅकटच्या (इनिट-रॅम-एफएस बनवणाऱ्या टूलच्या) इमर्जन्सी शेलमध्ये येऊन थांबतो. सपोर्टेड व्हर्जन असेल तर टूल्स हे ड्रायव्हर स्वतः घालतात. स्वतः बांधलेला कर्नल किंवा हाताने अपलोड केलेली डिस्क असेल तर ते आधी तुम्हाला घालावे लागतात.

एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी कोणत्या डिस्क जोडायच्या त्याच्या फाइलमध्ये) एसडीबी-१ अशी नावं असतील तर ती बदलून यूयूआयडी (डिस्कचा न बदलणारा ओळख क्रमांक) लिहा, आणि डेटा डिस्कपुढे ‘नोफेल’ (डिस्क न सापडली तरी बूट पुढे चालू ठेव) टाका. नाहीतर एका न सापडलेल्या डिस्कपायी अख्खा सर्व्हर अडतो. नेटवर्क कार्डाचं नावही बदलतं. जुन्या नावाला स्टॅटिक आयपी बांधलेला असेल तर सर्व्हर चालू दिसतो पण पिंगला उत्तर देत नाही. विंडोज असो की लिनक्स, हलवण्याआधी आत डीएचसीपी (आयपी आपोआप घेण्याची पद्धत) करा आणि आयपी क्लाउडच्या बाजूने ठरवा.

आणखी एक गोष्ट, जी आधीच करून ठेवावी लागते: सिरियल कन्सोल, म्हणजे क्लाउडच्या पोर्टलवरून उघडणारी सर्व्हरची थेट स्क्रीन. नेटवर्क नसताना आत शिरायचा तो बहुधा एकमेव दरवाजा, पण लिनक्समध्ये तिथून लॉगिनसाठी पासवर्ड असलेला लोकल युजर लागतो. फक्त एसएसएच की असेल तर समोर लॉगिन प्रॉम्प्ट दिसतो आणि आत जाता येत नाही.

टेस्ट कॉपी खऱ्या नेटवर्कवर उठवणं

ही चूक मला सगळ्यांत घातक वाटते. टेस्टसाठी उठवलेली कॉपी म्हणजे खऱ्या सर्व्हरचा जुळा भाऊ. त्यातले क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं), ईमेलची रांग, एसएमएस पाठवणाऱ्या सर्व्हिस, सगळं जसंच्या तसं जागं होतं. ती व्हीपीएनने ऑफिसला जोडलेली असेल तर ग्राहकांना बिल दोनदा जातं, डेटाबेसमध्ये नोंदी दोनदा पडतात. डोमेनमधल्या (ऑफिसच्या एकत्रित लॉगिन यंत्रणेतल्या) विंडोज सर्व्हरच्या कॉपीने मशीन अकाउंटचा पासवर्ड बदलला तर मूळ सर्व्हरचं डोमेनशी नातं तुटतं. टेस्टसाठी बाहेर कुठेही रस्ता नसलेला वेगळा सबनेट (नेटवर्कचा वेगळा भाग) ठेवा. तिथे लॉगिनची पडताळणी करता यावी म्हणून डोमेन कंट्रोलरचीही (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरचीही) एक कॉपी त्याच बंद सबनेटमध्ये उठवा, आणि टेस्ट संपली की ती पुसून टाका. ही चाचणी प्रत्येक सर्व्हरची व्हायला हवी, नमुन्यादाखल एकाची नव्हे.

कटओव्हरची रात्र

कटओव्हर म्हणजे खरं काम क्लाउडवरच्या सर्व्हरकडे वळवणं. डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा) ८६४०० असेल तर तो निदान एक दिवस आधी ३०० वर आणा. त्याच रात्री कमी करून उपयोग नाही, जुनं उत्तर लोकांकडे २४ तास राहू शकतं. ईमेल पाठवणारा सर्व्हर असेल तर लक्षात घ्या: क्लाउडवरून बाहेर जाणारा पोर्ट २५ सहसा बंद असतो. ५८७ वरून रिले (ईमेल पुढे पाठवणारा दुसरा सर्व्हर) लावून आधीच तपासून ठेवा. मूळ सर्व्हरवर अॅप्लिकेशन थांबवा, लॅग शून्यावर येऊ द्या, मगच कटओव्हर.

नंतर अॅमेझॉनवर ‘फायनलाइझ कटओव्हर’ करायला विसरू नका. तोवर स्टेजिंगचे (कॉपीसाठी तात्पुरते उभारलेले) सर्व्हर आणि डिस्क चालूच राहतात आणि त्यांचं बिल येत राहतं. जुना व्हीएम लगेच डिलीट करू नका. बंद करा, त्याच्या नेटवर्क कार्डाचा ‘कनेक्ट अॅट पॉवर ऑन’ काढा, आणि एक महिनाअखेर पार पडेपर्यंत ठेवा. पण परतीचा रस्ता तेवढे दिवस खुला नसतो. सकाळी लोकांनी क्लाउडवर नोंदी टाकायला सुरुवात केली की जुन्यावर परतणं म्हणजे त्या नोंदी गमावणं. म्हणून मागे फिरायचं तर किती वाजेपर्यंत आणि तो निर्णय कोण घेणार, हे कटओव्हरच्या आधीच्या मीटिंगमध्ये लिहून सगळ्यांना पाठवा.