लेकराला कॅन्सर निघालाय, आता घरच्यांनी काय करायचं

रिपोर्ट आला की पहिले चार दिवस घरात नुसता गोंधळ असतो, कोण म्हणतं मुंबईला न्या, कोण म्हणतं हैदराबादला न्या, कोण अमक्या गावच्या बाबाचा नंबर पाठवतं. आमच्या भावाच्या पोराला लहानपणीच ब्लड कॅन्सर निघाला, एएलएल म्हणतात त्याला, लेकरांत सगळ्यात जास्त हाच निघतो. तेव्हापासून ओळखीत कुणाच्या घरी असं झालं की मला फोन येतो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मोठ्या माणसाच्या कॅन्सरचा हिशोब लेकराला लावू नका. गावात सगळ्यांनी तंबाखूचा तोंडाचा कॅन्सर बघितलेला असतो म्हणून लोक लगेच "आता काय राहिलं" असं बोलायलेत. एएलएलची बरीच लेकरं पूर्ण बरी होतात, पण ट्रीटमेंट दोन ते तीन वर्षं चालते आणि खरी गोची तिथंच आहे. पहिल्या एक-दीड महिन्यात बहुतेकदा रिपोर्ट चांगला येतो, पोरगं अंगणात पळायला लागतं, इकडं पेरणी तोंडावर, हातातला पैसा संपलेला, मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, झालं की बरं, कशाला परत जायचं. जायचंच. कॅन्सर दिसत नाही म्हणजे संपला असं नसतं, मधी सोडलं तर तो परत येतो आणि मग अवघड होऊन बसतं. खाली जे लिहिलंय ते सगळं येणं-जाणं चालू राहावं यासाठीच आहे.

संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कॅन्सर हॉस्पिटल आहे, तिथं दाखवा आणि सरळ विचारा की लेकरांचे कॅन्सर डॉक्टर कोण आहेत, नसले तर कुठं पाठवता. मुंबईत टाटाला जायचं ठरलं तर मधल्या रक्ततपासण्या इकडं जवळ करून चालतील का हे पहिल्याच फेरीत विचारून घ्या. राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, आणि बाहेरगावच्या लेकरांसाठी सेंट ज्यूडची सेंटरं आहेत, तिथं आई-बाप लेकराजवळ फुकट राहतात, पण हॉस्पिटलच्या सोशल वर्करकडूनच जावं लागतं. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म हॉस्पिटल भरून देतं, स्लीपर आणि थ्री एसीत पेशंटचं तिकीट माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट.

वावर विकायची भाषा पहिल्या आठवड्यात करूच नका. हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, सरकारच्या मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेचं त्याला विचारा. आणि त्यासाठी आजच्या आज रेशन कार्ड काढून बघा, लेकराचं नाव त्यात चढवलेलं आहे का? लय घरांत नसतं. जन्माचा दाखला, आधार, सगळ्याच्या पाच-पाच झेरॉक्स.

फाईल एकाच माणसाकडं. बाप, काका, कुणी पण, पण एकच. आईच्या मागं लेकराचंच एवढं असतं, तिला कागदाला लावू नका.

आता तापाचं, हे नीट वाचा. किमो चालू असताना पांढऱ्या पेशी उतरतात, अशात १००.४ फॅरनहाइटच्या पुढं ताप म्हणजे रात्रीचे दोन वाजले तरी निघायचं. डॉक्टरला विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नका, ताप झाकला जातो. गावातल्या डॉक्टरकडून कमरेत इंजेक्शन तर बिलकुल नको, प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, कमी असल्या की आत रक्त साकळतं. गाडी कुणाची, ड्रायव्हर कोण, हे आधीच ठरवून ठेवा.

गोळ्यांचं कालनिर्णयवर लिहा. मिथोट्रेक्सेटच्या गोळ्या आठवड्यातून एकदाच असतात, रोजच्या समजून दिल्या तर जिवावर बेतू शकतं, त्या वाराला लाल पेनानं गोल करा.

स्टिरॉइडच्या दिवसांत लेकरू चिडतं, फुगतं, मध्यरात्री उठून खायला मागतं. आमचं पोरगं भाकरी आणि पिठलंच मागायचं, थंड झालेलं चालायचं नाही, वहिनी रात्री चूल पेटवायची. रागवू नका, ते औषध बोलत असतं. फक्त ताजं शिजवलेलं आणि उकळून गार केलेलं पाणी, जारच्या पाण्यावर भरवसा नको.

बघायला येणाऱ्यांना ओसरीवरच चहा द्या. केळी घेऊन येतील, लेकरासमोर डोळ्याला पदर लावतील, गालाचे मुके घेतील, त्यांना राग आला तरी चालेल. लेकराला मात्र खरं सांगा, रक्तात आजार झालाय, तुझ्यामुळं नाही झाला, सुई दुखणार आहे पण मी धरून बसतो. दुखणार नाही म्हणून नेलं तर पुढच्या वेळी ते गाडीतच बसत नाही. मोठ्या भावंडाला मामाकडं ठेवलं असेल तर रोज एक व्हिडिओ कॉल, त्याला वाटतं आपल्याला टाकून गेले.

डॉक्टर हो म्हणाले की शाळा-अंगणवाडी सुरू करा, पण बाईंना सांगून ठेवा, वर्गात कुणाला कांजिण्या नाहीतर गोवर निघाला तर त्याच दिवशी फोन करा, आणि तो फोन आला की लेकरू ठणठणीत दिसत असलं तरी लगेच डॉक्टरला कळवा.