सिनेगॉगचं वय फरशीखाली शोधा

मी मूळची अलिबागची, बेने इस्रायल. नोकरीची बहुतेक वर्षं उत्तर इस्रायलमधल्या गॅलिलीतल्या उत्खननांवर खापरं आणि नाणी नोंदवण्यात गेली. पुण्या-मुंबईकडची पुरातत्त्व शिकणारी मुलं विचारतात, "मावशी, प्राचीन सिनेगॉगवर काम करायचं तर सुरुवात कुठून करू?" सिनेगॉग म्हणजे आम्हा ज्यूंचं प्रार्थनागृह. त्या मुलांना सांगते तेच इथे लिहिते.

दर्शनी भागावर भाळू नका. गॅलिलीतल्या कफर्णहूमला काळ्या बेसाल्टच्या घरांमध्ये पांढऱ्या चुनखडीचा सिनेगॉग उभा आहे. कोल आणि वाट्सिंगर या जर्मन अभ्यासकांनी १९०५ ते १९०७ दरम्यान गॅलिलीतल्या अशा इमारतींची मोजमापं घेतली, आणि नक्षीकामावरून त्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या असं बरीच वर्षं धरून चालले. मग १९६८ पासून कोर्बो आणि लोफ्रेडा या फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी फरशीखाली खणलं. तिथे ब्राँझची हजारो नाणी निघाली, त्यांत चौथ्या-पाचव्या शतकातलीही. ती इमारत नेमकी कधीची, हा वाद आजही मिटलेला नाही.

आता प्रत्यक्ष काम. फरशी उचलण्याआधी तिच्यावर कुठे डागडुजी झालीय का, हे सकाळच्या तिरप्या उन्हात पाहून घ्या. दुरुस्तीच्या जागी सापडलेलं नाणं दुरुस्तीचा काळ सांगतं, बांधकामाचा नाही. अखंड भाग निवडा. फरशीखालचा चुन्याचा थर, त्याखालची भर आणि त्याखालची जुनी जमीन, तिन्हींना वेगवेगळे लोकस क्रमांक, म्हणजे खोदकामातल्या प्रत्येक थराचा स्वतंत्र क्रमांक, द्या. घमेली वेगळी, चिठ्ठ्या वेगळ्या. कितीही घाई असो, घमेल्यावर चिठ्ठी नसेल तर ते चाळणीकडे जाऊ देऊ नका. भर सगळीच्या सगळी चाळायची. ही नाणी करंगळीच्या नखाएवढी, हिरवट, मातीच्या खड्यासारखी दिसतात. खरवडून राजाचा चेहरा बघायचा मोह होतो, तो आवरा. नाणं किती उंचीवर सापडलं ते नोंदवा, पाकिटात घाला, साफसफाई प्रयोगशाळेत होईल.

भरीत शंभर नाणी तिसऱ्या शतकातली आणि एकच पाचव्या शतकातलं निघालं, तर त्या एकाचं ऐकायचं. फरशी त्याच्या आधीची असूच शकत नाही. नंतर किती वर्षांनी घातली, हे मात्र नाणं सांगत नाही, कारण अशी नाणी पिढ्यान्‌पिढ्या हातोहात फिरत. तिथे खापरं लागतात. म्हणून आधी खापरं शिका. ज्याला स्वयंपाकाच्या हंडीची कड ओळखता येत नाही, त्याने सिनेगॉगच्या काळावर बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फरशीवर लिहिलेला लेख सापडला म्हणजे सुटलो, असंही नाही. बेथ अल्फा इथल्या सिनेगॉगचं मोझेक, म्हणजे रंगीत खड्यांची नक्षीदार फरशी, १९२८ च्या अखेरीस किबुत्झच्या, म्हणजे सामुदायिक शेतवसाहतीच्या, लोकांना पाण्याचा पाट खणताना लागलं. पुरातत्त्वज्ञ सुकेनिक यांनी पुढच्या वर्षी उत्खनन केलं. अरामी लेखात सम्राट जस्टिनचं नाव आहे, पण वर्षाचा आकडा तुटलाय. आणि जस्टिन दोन होऊन गेले, एक ५१८ ते ५२७, दुसरा ५६५ ते ५७८. ग्रीक लेखात मारियानोस आणि त्याचा मुलगा हनीना या कारागिरांची नावं आहेत. बापलेकांनी राशिचक्र घातलं खरं, पण कोपऱ्यांतले ऋतू त्यांच्या त्यांच्या राशींपाशी आलेच नाहीत.

गमलासारख्या जागी गोष्ट सोपी आहे. रोमनांनी ते गाव इ.स. ६७ मध्ये उद्ध्वस्त केलं आणि ते पुन्हा वसलं नाही. पहिल्या शतकातल्या अशा सभागृहात तोराच्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवायची कायमची देवळी शोधत बसू नका. भिंतींलगतची पायऱ्यांसारखी बाकं पाहा.

लेख वाचायला भाषा हिब्रू, अरामी, ग्रीक, याच क्रमाने शिकायला घ्या.

जोडी मॅग्नेस या अमेरिकन पुरातत्त्वज्ञ बाई मुळात खापरांच्या आणि कालगणनेच्या जाणकार. २०११ मध्ये त्यांनी गॅलिलीतल्या हुकोकला खणायला घेतलं ते अशा सिनेगॉगच्या काळाचा प्रश्न सोडवायला. पुढच्या वर्षी शेपटीला मशाली बांधलेले, बायबलमधल्या शमशोनाच्या गोष्टीतले कोल्हे मोझेकमध्ये निघाले, आणि जगाने तेवढेच लक्षात ठेवले.

तेव्हा उन्हाळी उत्खननासाठी अर्ज करताना "मोझेकवर काम हवंय" असं लिहू नका. खापरं धुवायची आणि नोंदवही ठेवायची तयारी आहे असं लिहा. दुपारी तीनच्या उन्हात तिथेच माणसं कमी पडतात.